तेजी-मंदी सांगणारा वादग्रस्त पाहुणा: बोलवावा कसा, आवरावा कसा

मोंढा, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, असलेल्या प्रत्येक गावात आता भावाचं चॅनेल आहे. लातूरला सोयाबीन-तूर, वसमतला हळद, परभणीला कापूस. आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव वाचून दाखवायला ५ मिनिटं पुरतात. उरलेली २५ मिनिटं भरायला पाहुणा लागतो. जपून बोलणारा आडत्या किंवा कृषी विद्यापीठातला निवृत्त प्राध्यापक आला तर बघणारे मोजकेच. "संक्रांतीपर्यंत सोयाबीन आठ हजार, नाही झालं तर मिशी उतरवतो" म्हणणारा आला की फोन थांबत नाहीत. म्हणून त्याला बोलवायचा मोह होतो, आणि बोलवायला हरकतही नाही. त्याला बोलवताना काय विचारायचं, टेबलावर कसं धरायचं आणि तो उठून गेल्यावर काय करायचं, त्याची ही टिपणं. निवेदक, निर्माता आणि कॅमेरावाला हे तिन्ही एकच माणूस असलेल्या चॅनेललाही जमेल एवढंच यात घेतलं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. वादग्रस्त म्हणजे नेमका कशानं? सगळा बाजार तेजी म्हणत असताना मंदी सांगतो म्हणून एखादा वादग्रस्त होतो. असा माणूस चॅनेलला भाग्यानं मिळतो. एखाद्याची जीभ घसरते. त्याला मिक्सरवरून आवरता येतं. तिसरा तो, ज्याचा खिसा त्याच्या भाकिताला बांधलेला असतो आणि तो ते सांगत नाही. हा बहुतेक वेळा गोड बोलतो, वेळेवर येतो, चहाही स्वतःच पाजतो. सगळी तयारी खरं तर याच्यासाठी करायची असते, आणि चॅनेलवाले मात्र सगळा जोर जीभ घसरणाऱ्यावर लावतात.

बोलावण्याच्या फोनवरच

पाहुणा ठरवताना विषय आणि वेळ सांगून फोन ठेवू नका. पुढच्या गोष्टी फोनवर विचारा आणि लगेच व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. तोंडी उत्तराला नंतर काही अर्थ राहत नाही.

तुमच्याकडे किंवा घरच्यांच्या नावावर आज हा माल किती पडून आहे? गोदामात, वेअरहाऊसच्या पावतीवर, शेतकरी कंपनीच्या नावावर, सगळा धरून.
तुम्ही आडत, खरेदी, बियाणं, खत, दाळमिल, ऑइल प्लांट यांपैकी कशात आहात? भागीदारी असली तरी सांगा.
वायद्यात, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाच्या आजच ठरणाऱ्या भावात, तुमचा सौदा उभा आहे का? घेतलेला की विकलेला?
पैसे घेऊन चालवलेला ग्रुप, क्लास किंवा ॲप आहे का?
याआधी जाहीरपणे सांगितलेले शेवटचे ३ अंदाज कोणते, आणि त्यांचं काय झालं?

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण चिडतात. चिडू द्या. चांगला जाणकार चुकलेला अंदाज आधी सांगतो, कारण तो कशामुळे चुकला हे त्याला पाठ असतं. तिन्ही बरोबर आले म्हणणाऱ्याचे जुने व्हिडिओ अर्धा तास शोधा. नाही सापडले तर त्यानं ते उडवलेत का, हे त्याच्या चॅनेलवरच्या तारखांत पडलेल्या खंडावरून कळतं.

ज्याच्या गोदामात ५०० क्विंटल सोयाबीन आहे त्यानं तेजी सांगू नये, असं नाही. सांगावी, फक्त ५०० क्विंटल आधी सांगावेत. ही ओळ पाहुण्याच्या ओळखीतच घ्या: "यांचं ऑइल प्लांटला माल पुरवण्याचं काम आहे आणि आज त्यांच्याकडे सोयाबीनचा साठा आहे." स्क्रीनवर नावाच्या पट्टीखाली दुसरी पट्टी तीच, आणि ती पहिल्या मिनिटापुरती नको. मधूनच व्हिडिओ उघडणाऱ्यालाही ती दिसली पाहिजे, म्हणून दर १० मिनिटांनी परत आणा. नुसतं "ज्येष्ठ बाजार विश्लेषक" लिहिणं म्हणजे बघणाऱ्याला फसवणंच.

विषय शेअरकडे वळणार असेल तर

इथे नियम वेगळे आहेत आणि गावातल्या चॅनेलला ते माहीत नसतात. शेतमालाचा हजर भाव, म्हणजे प्रत्यक्ष मालाचा आजचा भाव, चढेल की पडेल हे बोलायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागत नाही. शेअर, म्युच्युअल फंड आणि शेतमालाचे वायदे हे मात्र सेबीच्या कक्षेत येतात. वायदे बाजार आयोग २८ सप्टेंबर २०१५ ला सेबीत विलीन झाला तेव्हापासून हळदीचा वायदासुद्धा. "निजामाबाद हळदीचा अमुक महिन्याचा वायदा घेऊन ठेवा" हे वाक्य वसमतच्या टेबलावर बसून बोललं तरी तो सल्लाच ठरतो.

सेबीचे संशोधन विश्लेषकांसाठीचे नियम २०१४ चे आहेत. त्यांनुसार माध्यमांत शेअरची शिफारस करणाऱ्यानं आपलं नाव, नोंदणीची स्थिती आणि त्या कंपनीतला आपला आर्थिक हितसंबंध सांगायचा असतो. शिफारशीच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये स्वतः व्यवहार करायचा नसतो. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'नं. क्रमांक घ्या, सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत टाकून पाहा, आणि नाव, क्रमांक, मुदत तिन्ही जुळतात का ते बघा. दुसऱ्याचा क्रमांक स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापणारे असतात. "माझ्या सरांची नोंदणी आहे" हे उत्तर चालत नाही.

क्रमांक नसेल तर पाहुणा येऊ शकतो, पण त्यानं कंपनीचं नाव घेऊन "घ्या", "विका", "टार्गेट", "स्टॉप लॉस" हे शब्द उच्चारायचे नाहीत. डिमॅट म्हणजे काय, ऑप्शनमध्ये पैसे कसे बुडतात, हे शिकवू द्या. शिकवण्याच्या नावाखाली आजचा चालू भाव दाखवून टिप देण्याचा प्रकार इतका वाढला की २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीनं शिकवणाऱ्यांनी ३ महिने जुन्या भावाचीच उदाहरणं वापरावीत अशी अट घातली. ऑप्शनचा क्लासवाला आला तर त्याला सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातला आकडा वाचून दाखवून बोलायला सांगा: २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, मिळून १.८ लाख कोटी रुपयांचा. त्यावर तो काय म्हणतो, हाच कार्यक्रमाचा सगळ्यात कामाचा भाग असतो.

मोठ्या वाहिन्यांवर काय घडलं ते पाहिलं की या तपासणीची किंमत कळते. जानेवारी २०२१ मध्ये सेबीनं सीएनबीसी आवाजच्या एका निवेदकाला बाजारात व्यवहार करायला बंदी घातली. आदेशातला आरोप असा, की कार्यक्रमात ज्या शेअरची शिफारस व्हायची ते आदल्या दिवशीच त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यात घेतलेले असायचे आणि दुसऱ्या दिवशी विकले जायचे. वाहिनीनं त्याला कामावरून काढलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये झी बिझनेसवर पाहुणे म्हणून येणाऱ्या काही तज्ज्ञांवर अंतरिम आदेश आला: शिफारशी प्रसारणाआधीच ठरावीक लोकांना कळवल्या जात होत्या, असं सेबीचं म्हणणं, ७.४१ कोटी रुपये गोठवले गेले. दोन्हीकडे गोंधळ झाला तो प्रसारणाच्या आधीच्या वेळात. पडद्यावर सगळं शिस्तीत होतं, आवाजही कुणी चढवला नव्हता.

म्हणून शेअरचा कार्यक्रम करायचाच असेल तर दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर रेकॉर्ड करा; शनिवार त्याहून बरा. रेकॉर्डिंग आणि प्रसारण यांत अंतर ठेवू नका. कोणत्या शेअरवर बोलणार, याची यादी एडिटिंगवाल्यालासुद्धा आदल्या दिवशी देऊ नका, आणि "उद्या एका स्मॉल कॅपवर (लहान कंपनीच्या शेअरवर) मोठा खुलासा" असली जाहिरात तर अजिबात नको.

भाकिताला चौकट

"सोयाबीन सहा हजार होणार." या वाक्यात काहीच नाही. कुठल्या मोंढ्यात? किती ओलाव्याचं? कमाल भाव की सर्वसाधारण? कधीपर्यंत? एक दिवस एका डागाला, म्हणजे मालाच्या एखाद्या ढिगाला, ६ हजार मिळाले तरी पाहुणा म्हणणार, बघा, झालं की नाही! हमीभावानं खरेदीला साधारण १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती मर्यादा १५ पर्यंत सैल केली होती. ११ टक्क्यांचा स्वच्छ माल आणि १७ टक्क्यांचा पावसात भिजलेला माल यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्लांटचा दर वेगळा, बाजार समितीतला सौदा वेगळा.

टेबलावर एक पाटी ठेवा. साधी, शाळेतली. पाहुण्यानं भाकीत केलं की निवेदकानं ते त्याच्यासमोर पाटीवर असं उतरवायचं: लातूर बाजार समिती, १२ टक्क्यांच्या आतला माल, सर्वसाधारण भाव, ६,००० किंवा वर, सलग ५ बाजार दिवस, १५ जानेवारीपर्यंत. मग पाटी कॅमेऱ्याला दाखवून विचारायचं, "साहेब, हे असंच ना?" बहुतेक पाहुणे इथे खाली येतात. सहाचे साडेपाच होतात, जानेवारीचा मार्च होतो. ते होऊ द्या; बघणाऱ्याला खरी माहिती त्या घसरणीतच मिळते.

पाटीवर शेवटची ओळ: काय घडलं तर हे चुकेल? याला उत्तर नसलेला अंदाज पुढे नेऊ नका. सोयाबीनच्या बाबतीत उत्तर बहुधा दिल्लीत असतं. २०२१ च्या पावसाळ्यात भावानं १० हजारांचा टप्पा पाहिला, ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पुढे नवा माल आला आणि भाव घसरत गेला. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि ३० मे २०२५ ला परत १० टक्क्यांवर आलं. जो पाहुणा पेंड, पाम तेल आणि शुल्क यांचं नाव न घेता नुसता "शेतकऱ्यांनी एकजूट दाखवली तर" म्हणतो, तो भाव सांगत नाही, भाषण देतोय.

"धरून ठेवा" या सल्ल्यालाही पाटीवर किंमत घाला. समजा आज भाव ४,४०० आहे आणि पाहुणा ४ महिने थांबायला सांगतो. वर्षाला १२ टक्के व्याजानं घेतलेल्या पैशाचं ४ महिन्यांचं व्याज ४ टक्के, म्हणजे १७६ रुपये. साठवण-हमाली ४० रुपये धरा. ओलावा १२ वरून १० वर आला तर क्विंटलमागं साधारण २.२ किलो वजन जातं. सगळं मिळून भाव ४,७२० झाला तरच आज विकल्याएवढे पैसे हातात येतात. म्हणजे पहिले ३२० रुपये नुसते बरोबरीला यायलाच. हा हिशोब पाहुण्याच्या तोंडून करून घ्या. सावकाराचे टक्के धरले तर आकडा याच्या कितीतरी वर जातो. बाजार समितीत शेतमाल तारण योजना सुरू असेल तर तिचं नाव जरूर घ्या: सोयाबीन-तुरीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. धरून ठेवायला सांगणाऱ्या पाहुण्याला ही योजना माहीत नसेल तर त्यानं कधी माल धरून ठेवलेलाच नाही.

हसायचं नाही, ओवाळायचं नाही

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या सीएनबीसीवर शेअर दलाल पीटर शिफ यांनी सांगितलं की कर्जावर आणि घरांच्या फुगलेल्या किमतींवर उभी असलेली अमेरिकेची अर्थव्यवस्था मंदीत जाणार. समोर अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर होते. त्यांनी ते उडवून लावलं आणि एका पेनीची पैज मारली. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली, आणि शिफ यांना हसणाऱ्या मंडळींच्या क्लिपा एकत्र जोडून जगभर फिरल्या. आजही "सगळे हसले, पण हा एकटा बरोबर होता" म्हणत त्या शेअर करतात, आपल्याकडचे तेजी-मंदीवालेसुद्धा.

पण पुढचं कुणी दाखवत नाही. डॉलर कोसळेल असं शिफ म्हणत होते. २००८ च्या संकटात डॉलर उलट वधारला. पैसे परदेशी शेअरमध्ये हलवा हा त्यांचा सल्ला होता. त्या वर्षी परदेशी बाजारही जोरात आपटले. अमेरिकेत महागाईचा भडका उडेल हे त्यांचं म्हणणं पुढच्या दशकात खरं झालं नाही. रोगाचं निदान बरोबर, औषध चुकलं. वाहिनीनं पैजा मारण्याऐवजी "कधी, किती, आणि बघणाऱ्यानं पैशाचं काय करावं" हे तिथंच वदवून घेतलं असतं तर दोन्ही गोष्टी २००६ मध्येच कागदावर आल्या असत्या. हसण्यामुळे शिफ हुतात्मा झाले आणि त्यांचे बाकीचे अंदाज तपासणीतून सुटले.

आपल्या टेबलावर याचा अर्थ असा: पाहुण्याच्या विरोधात दुसरा पाहुणा बसवायचा असेल तर तो एकच बसवा, दोन-तीन नको. तिघांनी मिळून एकाला घेरलं की बघणारा मुद्दा विसरून एकट्याच्या बाजूनं जातो. निवेदकानं भुवया उडवणं, कॅमेरामनकडं बघून हसणं बंद. आणि गेल्या वर्षीचं भाकीत खरं ठरलं म्हणून शाल-श्रीफळ देऊन कार्यक्रम सुरू करणं, हेही तितकंच वाईट. शाल घातल्यावर प्रश्न विचारता येत नाही.

पाहुणा आरक्षण, निवडणूक, कुठल्या तरी नेत्याचा साखर कारखाना याकडं वळतोच. मराठवाड्यात ५ मिनिटं भावावर बोललं की सहाव्या मिनिटाला हे येतं. वाद घालू नका. पाटी उचला आणि "साहेब, १५ जानेवारीचं काय म्हणत होता?" एवढंच विचारा. दोनदा पुरतं.

फोनवरचा प्रश्न आधी सोडवून घ्या

मार्च २००८ मध्ये सीएनबीसीवरच्या आपल्या कार्यक्रमात जिम क्रेमर यांना एका प्रेक्षकानं विचारलं, बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून पैसे काढू का? ते ओरडून म्हणाले, काही गरज नाही, बेअर स्टर्न्स ठणठणीत आहे. आठवडाभरात ती बँक जेपी मॉर्गननं शेअरमागं २ डॉलर या भावानं घ्यायचं ठरलं. पुढे ते १० झाले. क्रेमर यांचा नंतरचा खुलासा असा, की प्रश्न तिथं ठेवलेल्या पैशांबद्दल होता, शेअरबद्दल नव्हता. ऐकणाऱ्या किती जणांना तो फरक कळला असेल?

आपल्याकडं फोन येतो, "आमचे ४ लाख सोसायटीत आहेत, काढू का?" निवेदकानं पाहुण्याला उत्तर देऊ देण्याआधी फोडून विचारायचं: बँक, पतसंस्था की मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणारी सोसायटी)? ठेव की शेअर? मुदत कधी संपते? नाव घेऊ नका, प्रकार सांगा. हा फरक कोरडा नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला तो नसतो. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली, मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाखाली. तक्रार चुकीच्या दारात टाकली तर महिने जातात.

गेल्या काही वर्षांत बीड, संभाजीनगर, जालना भागात ठेवी अडकून हजारो घरं हवालदिल झाली, त्यामुळे "अमुक संस्था बुडणार" म्हणणारा पाहुणा लोकांना खरा वाटतो. कधी तो खराही असतो. तरी नाव घेऊ द्यायचं ते एकाच अटीवर: हातात कागद असेल तर. लेखापरीक्षण अहवाल, सहकार खात्याचा आदेश, गुन्हा नोंदवल्याची प्रत, यांपैकी काहीतरी, आणि ते तुम्ही आधी वाचलेलं. नाव निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते, आणि रांगेमुळे बरी संस्थाही अडचणीत येते. संस्थेला आधी फोन करून त्यांचं म्हणणं घ्या; नकार दिला तर तो तारीख-वेळेसह सांगा. भारतीय न्याय संहितेतल्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद पाहुण्यावर होते तशी ते दाखवणाऱ्यावरही होते. "ही पाहुण्यांची वैयक्तिक मतं आहेत" ही पट्टी तुम्हाला वाचवेल या भ्रमात राहू नका.

मोंढ्यातल्या आडत्याचं नाव घेऊन "काटा मारतो" म्हणणाऱ्यालाही हाच नियम. हिशोबपट्टी आणि दुसऱ्या काट्याची पावती असेल तर दाखवा, नसेल तर नाव कापा.

लाईव्ह नको, करायचंच तर

पहिल्यांदा येणारा वादग्रस्त पाहुणा कधीही लाईव्ह घेऊ नका. तरी करायचंच असेल तर दोन्ही कॉलर माईक मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनेलवर घ्या आणि पाहुण्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हाताशी असलेला एक माणूस बसवा. एकाच माईकवर दोघं बोलले तर आवाज वेगळा काढता येत नाही, आणि पाहुण्याचा शब्द कापायला गेलात तर निवेदकही मुका होतो.

ओबीएस हे लाईव्ह प्रसारणाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड भागात स्ट्रीम डिले २० सेकंद ठेवा. इथे बहुतेकांची चूक होते: शब्द निघाल्यावर ते सीन बदलतात किंवा आवाज बंद करतात. पण २० सेकंदांचं आधीच भरून ठेवलेलं असतं, ते तसंच बाहेर जातं. सीन बदलल्याचा परिणाम त्याच्या मागून येतो. गेलेला शब्द अडवायचा असेल तर स्ट्रीम थांबवताना साठवलेला डिले टाकून देण्याचा पर्याय निवडावा लागतो. प्रसारण तुटतं, २ मिनिटांनी परत सुरू करावं लागतं. त्या २ मिनिटांत लावायची "तांत्रिक अडचण" ही पाटी खोटी असते. त्यापेक्षा "एक विधान पडताळून घेत आहोत" लिहा. सराव एकदा खासगी स्ट्रीमवर करून बघा, नाहीतर ऐन वेळी बटण सापडत नाही. यूट्यूबवर डीव्हीआर बंद ठेवा, म्हणजे चालू कार्यक्रमात मागं जाऊन तो तुकडा कुणाला परत पाहता येणार नाही.

पाहुणा उठून निघाला तर अडवू नका, मागं कॅमेरा पळवू नका. खुर्ची रिकामी दाखवा, शेवटचा विचारलेला प्रश्न परत वाचा, आणि भावाकडं वळा.

कापाकापी आणि थंबनेल

रेकॉर्ड केलेलं छाटताना एक पथ्य: अट आणि आकडा एकाच तुकड्यात ठेवायचे. "आयात झाली नाही तर सहा हजार" यातली आयात कापली की तुम्ही पाहुण्याचं भाकीत बदललंत, आणि तो उद्या तसं म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. शॉर्टस्‌साठी ३० सेकंदांत अट बसत नसेल तर तो शॉर्ट करू नका. थंबनेलवर "सोयाबीन १० हजार???" लिहून आत कुणी १० हजार म्हणालेलंच नाही, हा प्रकार तर रोजचा झालाय, प्रश्नचिन्हं तीन लावल्यानं तो खोटेपणा झाकला जात नाही. न छाटलेलं मूळ रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲपवरची लेखी उत्तरं वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. नोंदणीकृत विश्लेषकाला आपल्या नोंदी ५ वर्षं जपाव्या लागतात. तीच मुदत आपणही धरली तर नोटीस आल्यावर धावपळ होत नाही.

ग्रुपचा नंबर, क्यूआर कोड, "डिस्क्रिप्शनमध्ये लिंक" यांतलं काही पाहुण्याला देऊ नका. पाहुण्यानं कार्यक्रमासाठी पैसे दिले असतील तर तो पाहुणा नव्हे, जाहिरातदार. मग तशी पट्टी पूर्ण वेळ लावा.

वही

एका वहीत पाटीवरचं प्रत्येक भाकीत तारखेनं उतरवा. शेजारी ठरलेल्या तारखेचा बाजार समितीनं जाहीर केलेला सर्वसाधारण भाव, आवक, आणि पाहुण्यानं सांगितलेली चुकण्याची कारणं घडली की नाही, एवढंच. तारीख आली की पुढच्या कार्यक्रमात पहिली २ मिनिटं वही. बरोबर आलं तरी आणि चुकलं तरी तेवढीच. एक बरोबर आलेलं दाखवताना त्याच पाहुण्याची बाकीची पानंही दाखवा. पाहुण्याला आधी कळवा आणि बोलवा. चुकलेल्या अंदाजावर स्वतः येऊन बोलणारा माणूस पुढच्या हंगामालाही चालेल.

आपली चूक झाली असेल, म्हणजे हितसंबंधाची पट्टी राहिली, आकडा चुकीचा गेला, कुणाचं नाव विनाकागद निघालं, तर दुरुस्ती त्याच व्हिडिओवर पिन केलेल्या टिप्पणीत, डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत आणि पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला. रात्री अकराला गुपचूप व्हिडिओ काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तोवर तो तीनशे ग्रुपांत उतरवून घेतलेला असतो, आणि तुमची बाजू मात्र कुठंच उरत नाही.

बोलवणं कधी थांबवायचं? भाकीत चुकलं म्हणून नाही. साठा, सौदा किंवा पैसे घेतल्याचं लपवलं, हे एकदा जरी सिद्ध झालं तरी दार बंद. कागद नसताना दुसऱ्यांदा नाव घेतलं तरी बंद. चुकण्याची तारीख आल्यावर "मी तसं म्हणालोच नव्हतो" म्हणाला, तर पाटीचा फोटो पाठवा आणि एक हंगाम थांबा. बंद केल्याचं कारण प्रेक्षकांना एका वाक्यात सांगा: "अमुक तारखेच्या कार्यक्रमात साठ्याची माहिती दिली गेली नव्हती, म्हणून ते येणार नाहीत." विशेषणं नकोत, सूचक हसू नको. त्यानंतर तो दुसऱ्या चॅनेलवर जाऊन तुम्हाला विकले गेलेले म्हणेल. त्याला उत्तर द्यायला व्हिडिओ करू नका. दुसऱ्या दिवशीची आवक वेळेवर द्या.